निंदण की फवारा?

सोमवार, सकाळचे साडेदहा. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात स्टॅण्ड-अप मीटिंग चालू आहे. शुक्रवारच्या बगचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, ही चर्चा ऐन रंगात आलेली. तेवढ्यात हातातला फोन थरथरतो. दादाचा व्हॉट्सअ‍ॅप. एक फोटो आणि खाली तीनच शब्द : 'निंदण का फवारा?'

फोटोत आमचं अकोला जिल्ह्यातलं वावर. पेरणी होऊन अठरा दिवस झालेले, पाऊसही बरा, त्यामुळे सगळं हिरवंगार. शेजारच्या मैत्रिणीने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "वॉव! काय ग्रीनरी आहे यार! वॉलपेपरला लाव ना."

आता हिला कसं सांगू, की या ग्रीनरीत आमचं सोयाबीन शोधावं लागतंय? ओळीत उभं असलेलं जे थोडंसं दिसतं ते आमचं. बाकी सगळं तण. पोटात गोळा यावा असा तो फोटो होता, आणि बाईंना वॉलपेपर सुचतोय!

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. नोकरी पुण्या-मुंबईत, ईएमआय इथल्या फ्लॅटचा, पण सातबाऱ्यावर नाव कुठल्यातरी गावच्या गट नंबरात. पीक कसं आहे हे आपल्याला सणासुदीला कळतं आणि खर्च किती आला हे यूपीआयच्या नोटिफिकेशनवरून. आमचं पाच एकर. तीन एकर सोयाबीन, दोन एकर कपाशी. राबतो दादा, पैसे लावते मी, आणि निर्णय म्हणे दोघांनी मिळून घ्यायचा. एरवी मी 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणून मोकळी होते. या वेळी नाही होता आलं. का ते पुढे सांगतेच.

दादाने फोनवर डेडलाइन दिली. "दोन दिवसांत सांग. तण दोन-चार पानांवर हाय तोवर औषध लागते. मंग कायी उपयोग नायी."

दूर्वा, घोळ आणि काँग्रेस

आधी तण म्हणजे काय ते बघू, कारण त्याची काही वेगळी जात नसते. नको तिथे उगवलं की ते तण. सोयाबीनच्या ओळीत मागच्या वर्षीची ज्वारी उगवली, तर तीसुद्धा तणच. गणपतीला आपण ज्या एकवीस दूर्वांची जुडी वाहतो ना, ती दूर्वा म्हणजे शेतातली हरळी. मूर्तीसमोर पवित्र आणि वावरात डोकेदुखी. लव्हाळ्याचं तर विचारूच नका. जमिनीखाली त्याच्या गाठींची साखळी असते. वरून उपटलं की साखळी तुटते आणि राहिलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र रोप काढते. म्हणजे एक उपटा आणि चार मिळवा, अशी ऑफर!

आणि गाजरगवत. याच्यावर पुणेकरांचा पहिला हक्क, कारण १९५५-५६ च्या सुमारास भारतात त्याची पहिली ठळक नोंद झाली ती पुण्यातच. मूळ गाव अमेरिका खंडात, आणि आयात गव्हाबरोबर ते इथे आलं असं मानलं जातं. खेड्यापाड्यांत त्याला 'काँग्रेस' म्हणतात. अंगाला लागलं की खाज, फुलोऱ्यात आलं की शिंका. त्याला खाण्यासाठी १९८४ मध्ये मेक्सिकोहून खास भुंगे आणून भारतात सोडले गेले. भुंगे टिकले, आपलं काम करतायत. गाजरगवतही टिकलं. मगरपट्ट्यापासून मेळघाटापर्यंत कुठेही बघा.

'तण खाई धन' हे जुन्या लोकांनी उगाच नाही म्हटलेलं. सोयाबीनचे पहिले तीस-चाळीस दिवस आणि कपाशीचे साधारण दोन महिने, एवढ्या काळात खत, पाणी आणि ऊन यासाठी जी मारामारी चालते तीत पीक नेहमी हरतं. बिचारं लाडावलेलं असतं. तणाला कुणी लाडावलेलं नसतं. कपाशी तर ओळीत लांब लांब लावतात आणि सुरुवातीला ती वाढतेही रमतगमत, त्यामुळे मधली सगळी जागा तणाला आंदण.

पण थांबा. यातली काही तणं आपण विकत घेतो, बरं का! पावसाळ्यात तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'रानभाज्या मिळतील' असा मेसेज येतो, तेव्हा त्या जुडीत काय असतं? कुर्डू, टाकळा, घोळ, पाथरी. चाळीस रुपयाला जुडी घेऊन आपण 'ऑरगॅनिक' म्हणून खूश. हे सगळं कुणाच्या तरी शेतातलं, नाहीतर बांधावरचं तण. फवारा पडला, की सुक्याबरोबर ओलंही जळतं.

मावशीचा हिशेब

आता निंदणाबद्दल. पश्चिम महाराष्ट्रात खुरपणी म्हणतात, आमच्याकडे निंदण. बाया ओळीने बसतात, हातात खुरपं, आणि उकिडव्या बसूनच पुढे सरकत जातात. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. पाठीवर ऊन नाहीतर पाऊस. पायाखाली चिखल.

आमच्या शेतात निंदणाला येणाऱ्या बायांच्या टोळीची पुढारी म्हणजे मावशी. नात्याने नाही, पण मला आठवतं तेव्हापासून मावशीच. मी इंजिनीअरिंगला अमरावतीला निघाले तेव्हा शंभराची नोट हातात कोंबून "घरचं जेव, बाह्यरचं खाऊ नको" असं बजावणारी. त्या काळी तिची चार दिवसांची मजुरी होती ती. म्हणून या वेळी 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणता आलं नाही.

दादाचा हिशेब मात्र सरळ आहे. एकरी आठ बाया, तीन एकराला चोवीस रोज. अडीचशे रुपये रोज धरला, तर सहा हजार. वर बायांना आणायला-सोडायला ऑटो. आणि हे एकदा. सोयाबीनला दोन निंदणं तरी लागतात. फवाऱ्याचं औषध तीन एकराला तीन हजारांच्या आसपास, फवारणाऱ्याची मजुरी वेगळी, आणि काम एका दिवसात खतम. शिवाय पैसे असले तरी बाया मिळतात कुठे? सगळ्या गावाचं निंदण एकाच आठवड्यात निघतं. "बाया भेटून नायी राह्यल्या अन् पाऊस उघडून नायी राह्यला. दोन दिवस वाफसा भेटला तं भेटला," इति दादा. सलग आठ दिवस पाऊस लागला, की डवराही चालत नाही आणि खुरपंही. तण मात्र चालतं.

मी मावशीला फोन केला. खरं सांगायचं, तर मनात एक छान सिनेमा तयार होता. ती म्हणणार, औषध मारू नको माय, आमच्या पोटावर पाय देऊ नको. मग मी बाणेदारपणे दादाला सांगणार, निंदणच!

मावशी म्हणाली, "कंबर गेली माही आता. सून तं म्हंते मी निंदणाले जातच नायी, शिलाईचं काम करते. फवारा मारायचा तं मारा. पण आधी सांगा. मंग दुसऱ्या गावचा ठेका पायता येते. मागच्या साली तुह्या दादानं सांगतलंच नायी, दोन दिवस आमी वाट पाह्यत बसलो."

सिनेमा फ्लॉप! पण एक गोष्ट तिने बोलता बोलता सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. निंदणाला गेलं की संध्याकाळी येताना ओटीत घोळ नाहीतर तांदुळजा असतो आणि डोक्यावर शेळ्यांसाठी गवताचा भारा. म्हणजे अडीचशे रुपये, अधिक रात्रीची भाजी, अधिक दोन शेळ्यांचं जेवण. फवाऱ्याने हे तिन्ही एकदम जातं, आणि दादाच्या वहीत यातलं एकच दिसतं. दुसरं म्हणजे फवारणी हे पुरुषांचं काम. पंप त्याच्या पाठीवर, मजुरी त्याच्या खिशात. बाईच्या वाट्याला उरतं ड्रमपर्यंत पाणी वाहून आणणं.

बाटलीत काय आहे?

ऑफिसात लंच टाइमला मी चक्क तणनाशकांवर वाचत बसले. (टीम लीडला वाटलं, सर्टिफिकेशनची तयारी करतेय. अप्रेझलमध्ये उपयोग झाला तर सांगीन.) आणि हे प्रकरण वाटलं होतं त्यापेक्षा इंटरेस्टिंग निघालं.

तणनाशकं साधारण दोन वेळेला मारतात. एक, पेरल्यावर लगेच, काही उगवायच्या आत. पेंडीमिथॅलिन हे त्यातलं नेहमीचं नाव. जमिनीवर त्याचा पातळ थर बसतो आणि उगवू पाहणारा कोंब तिथेच मरतो. दुसरी वेळ म्हणजे तण उगवल्यावर, पण कोवळं असताना. सोयाबीनमधलं इमॅझेथापायर हे या गटातलं. दहा टक्क्यांचं असेल तर एकराला चारशे मिलिलिटर. ते पीक सोडतं आणि तण मारतं. कसं? सोयाबीनच्या झाडाला ते औषध आपल्या अंगात मोडून टाकता येतं, बऱ्याच तणांना नाही जमत. म्हणजे दोघंही तेच विष पितात, पचतं एकालाच. फक्त जमिनीत त्याचा अंश काही महिने राहू शकतो आणि मागून घेतलेल्या एखाद्या पिकाला तो बाधतो. चारशेच्या जागी सहाशे टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. आमच्याकडे 'थोडं जास्तच टाक' हा फंडा खतापासून तिखटापर्यंत सगळीकडे चालतो.

तिसरा गट 'जो समोर दिसेल तो हिरवा मारीन' असा. त्यातला सुपरस्टार ग्लायफोसेट. १९७० मध्ये मोन्सॅन्टो कंपनीतल्या जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञाने त्याचा तण मारण्याचा गुण ओळखला आणि १९७४ मध्ये ते राउंडअप या नावाने बाजारात आलं. वनस्पतींना काही अमिनो आम्लं स्वतः बनवावी लागतात. त्यासाठी लागणारं एक एन्झाइमच ग्लायफोसेट बंद पाडतं. झाड आठ-पंधरा दिवस हळूहळू पिवळं पडत मुळासकट मरतं. प्राण्यांच्या शरीरात हे एन्झाइम नसतं, आणि 'हे माणसाला सुरक्षित' या दाव्याचा पाया तिथेच आहे. गंमत म्हणजे मातीला टेकलं की ते मातीलाच घट्ट चिकटतं आणि निकामी होतं. म्हणून गढूळ पाण्यात कालवलं तर पैसे पाण्यात, अगदी शब्दशः!

आणि एक आमची घरची गोष्ट, जी दादा कुणाला सांगू देत नाही. दोन वर्षांपूर्वी धुऱ्यावरचं गाजरगवत मारायला २,४-डी आणलं होतं. १९४० च्या दशकात जन्मलेलं हे जुनं तणनाशक, रुंद पानांचं तण मारण्यात पटाईत. (व्हिएतनाम युद्धातल्या कुप्रसिद्ध 'एजंट ऑरेंज'मधला अर्धा भाग हाच. त्यातलं डायॉक्सिनचं विष मात्र जोडीच्या दुसऱ्या रसायनातून आलं होतं.) धुरा साफ झाला. पंप दोनदा विसळला आणि चार दिवसांनी त्याच पंपाने कपाशीवर मावा-तुडतुड्याचं औषध फवारलं. आठवड्याने कपाशीची नवी पानं बघावीत, तर पंज्यासारखी चिरलेली, लांबट, थेट भेंडीच्या पानांसारखी. शेंडे वाकडे. कपाशी २,४-डीला इतकी हळवी असते, की पंपाच्या तळाशी आणि नळीत राहिलेलं तेवढं थेंबभर औषधही तिला पुरलं. पुढे झाडं सावरली, पण फुलोरा लांबला आणि बोंडं कमी धरली. दादा तेव्हा तीन दिवस जेवणाच्या पाटावर कुणाशी बोलला नव्हता. आता आमच्याकडे तणनाशकाचा पंप वेगळा आहे, त्यावर लाल पेंटने मोठा 'त' लिहिलाय. पोरं त्याला 'तात्याचा पंप' म्हणतात.

चोर बीटी

कपाशीचा विषय निघालाच आहे, तर ही भानगडही ऐकाच. भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली २००२ मध्ये. ती बोंडअळीसाठी. त्यात आणखी एक जनुक घातलं, की त्या कपाशीवर थेट ग्लायफोसेट मारता येतं. तण मरतं, कपाशी ढिम्म. याला म्हणतात एचटीबीटी. या बियाण्याला भारतात व्यापारी लागवडीची परवानगी नाही. कंपनीने २०१६ मध्ये अर्जच मागे घेतला. पण बियाणं मात्र आलं, कुठून कसं ते सगळ्यांना माहीत आणि कुणालाच माहीत नाही. पाकिटावर धड नाव नाही, दुकानदार बिल देत नाही. गावात नाव पडलं 'चोर बीटी'.

१० जून २०१९ ला आमच्याच जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीर इथे, शेतकरी संघटनेने ते उघड उघड पेरलं. हजाराहून जास्त शेतकरी जमले होते. तेव्हाच्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखाचा दंड होऊ शकत होता, तरी लोक आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुम्हाला हवा तो मोबाइल वापरता, मग आम्हाला हवं ते बियाणं का नको? विरोधकांचं म्हणणंही साधं. तपासणी न झालेलं बियाणं, बिल नाही, फसलं तर दाद कुणाकडे मागणार?

मला विचाराल, तर मी दुसऱ्या बाजूची. बिल न देणाऱ्याकडून मी चार्जरसुद्धा घेत नाही, सबंध वर्षाचं पीक कसं लावू? पण ज्याच्या दोन एकरात कमरेएवढं तण उभं आहे आणि बाया मिळत नाहीत, त्याला मी एसीत बसून हे सांगणं किती सोपं आहे, हेही कळतं.

शिवाय तणही काही स्वस्थ बसलेलं नाही. एकच औषध वर्षानुवर्षं मारलं, की त्यातून वाचणाऱ्यांचीच पिल्लावळ वाढते. पंजाब-हरयाणात गव्हामध्ये येणारं एक तण आहे, नाव चक्क 'गुल्ली डंडा'. १९९० च्या दशकात ते आयसोप्रोट्युरॉन या औषधाला दाद देईनासं झालं आणि शेतकऱ्यांना उभा गहू कापून गुरांना घालावा लागला. अमेरिकेत ग्लायफोसेट मारून मारून जे तण डोक्यावर बसलं, ते आपल्या माठाचा चुलतभाऊ. आणि आपल्याकडचा केना तर मुळातच ग्लायफोसेटला फारसा जुमानत नाही. चार दिवस मान टाकतो, पुन्हा उभा.

नाइट शिफ्टच्या पंगतीत

आता लाखमोलाचा प्रश्न. याने कॅन्सर होतो का?

मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ग्लायफोसेट '२ए' गटात टाकलं, म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक'. जगभर खळबळ. पण त्या २ए गटात आणखी कोण कोण आहे बघा. लाल मटण. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं. आणि आपली लाडकी नाइट शिफ्ट! बीपीओवाले मित्रांनो, हसू नका. ही संस्था 'यात धोका असू शकतो का' एवढं सांगते. 'किती घेतल्यावर किती धोका' हा हिशेब वेगळा, आणि तो करणाऱ्या युरोपच्या आणि अमेरिकेच्या नियामक संस्थांनी शिफारशीप्रमाणे वापरलं तर कॅन्सरचा धोका संभवत नाही असा निष्कर्ष काढला. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये त्याची परवानगी आणखी दहा वर्षांनी वाढवली. उलट अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये शाळांच्या मैदानांची देखभाल करणाऱ्या एका माणसाला ज्युरीने २८ कोटी ९० लाख डॉलर्सची भरपाई मंजूर केली. वरच्या कोर्टांत ती बरीच कमी झाली, पण खटल्यांची रांग लागली, आणि मोन्सॅन्टो विकत घेतलेल्या बायर कंपनीने २०२० मध्ये तडजोडीसाठी दहा अब्ज डॉलर्सच्या वर तरतूद जाहीर केली.

आपल्या सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली, की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच फवारायचं. कागदावर छान! आमच्या गावात पेस्ट कंट्रोलवाला म्हणजे उंदराच्या गोळ्या विकणारा. मुळात भारतात हे औषध चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढ्यासाठीच मंजूर होतं. विदर्भात चहाचे मळे नाहीत, हे सांगायला नकोच.

पण खरी भीती मला यातल्या कुठल्याच निकालाची वाटत नाही. मला भीती वाटते ती आमच्याकडे फवारणाऱ्या पोराच्या उघड्या पायांची. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ती मुख्यतः कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती. पण पंप तोच, उघडे हात तेच, तोंडाला बांधलेला ओला रुमाल तोच. बाटलीवर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पॅराक्वाट नावाचं एक तणनाशक आहे, एका दिवसात तण करपवणारं. पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. युरोपियन युनियनमध्ये ते २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे दुकानात मिळतं. दादाला मी एवढंच सांगितलं, ते आपल्या घरात येणार नाही. यावर तो काही बोलला नाही, म्हणजे मान्य असावं.

नेरळला गेलात तर

म्हणजे तणनाशक हे व्हिलन, असंच ना? इथे गोष्ट पुन्हा वळण घेते. मुंबई-पुण्याच्या कितीतरी ऑफिसांच्या पिकनिका नेरळजवळच्या सगुणा बागेत होतात. म्हशीच्या पाठीवर बसून फोटो काढलेले अनेक जण ओळखीचे निघतील. तिथले चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची 'एसआरटी' नावाची पद्धत विकसित केली. नांगरणी नाही, चिखलणी नाही, रोपांची लावणी नाही. कायमचे गादीवाफे, त्यावर टोकण, आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. गांडुळं आपणहून येतात, माती भुसभुशीत होते. आणि तण? ते मारायला या पद्धतीत तणनाशक वापरलं जातं! कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांचीही विनानांगरणीची शेती याच वाटेची. तण उपटायचं नाही, जागेवर मारायचं आणि त्याचंच खत होऊ द्यायचं.

म्हणजे जे रसायन एकाच्या मते माती मारतं, त्याचाच आधार घेऊन दुसरा माती जगवतो. मी सोशल मीडियावर 'ऑरगॅनिक'चा झेंडा घेऊन भांडणाऱ्यांपैकी होते. आता जरा दमाने घेते.

मंगळवारी रात्री दादा, मी आणि मावशी असा कॉन्फरन्स कॉल झाला. मावशीचा मुलगा फोन धरून उभा होता. ठरलं ते असं : सोयाबीनवर फवारा, एकदाच, लेबलवर आहे तेवढाच डोस, 'तात्याचा पंप', नवा पसरट पंख्याचा नोझल. फवारणाऱ्या पोराला गमबूट आणि हातमोजे, ते मी ऑनलाइन मागवायचे. (अकोल्यापर्यंत दोन दिवसांत पोचले. गमबूट एक नंबरने मोठे निघाले.) कपाशीला मात्र डवरा आणि निंदण, आणि त्याचा ठेका मावशीच्या टोळीला. आगाऊ हजार रुपये मी तिच्या मुलाच्या नंबरवर पाठवले. धुऱ्यावर काहीच मारायचं नाही, ही मावशीची अट. तिथली घोळ तिची.

शुक्रवारी चार वाजता फवारणी संपली. साडेचारला दादाचा फोटो आला. या वेळी फोटोत शेत नव्हतंच, नुसतं काळंभोर आभाळ. पाठोपाठ फोन.

"पानी आलं ना बाप्पा! अर्धं लागलं असन, अर्धं धुतल्या गेलं असन."

"मग आता?"

"आता काय, आठ दिवस पाहू. नायी मेलं तं निंदणच. तू मावशीले फोन लाव. तुयं आयकते ते."

मी लावला. मावशीने सगळं ऐकून घेतलं, आणि मागे कुणाशी तरी काहीतरी बोलून म्हणाली, "पुढच्या सोमवारलोक खाली नायी आमी. मंगळवारी येतो. अन् आता रोज तीनशे झाला, दादाले सांगजो."